खिंडारापलीकडचं टोक

त्या वर्षी विहिरी खोल गेल्या आणि दोर आखूड पडले.

वरच्या अंगाची विहीर तर अशी रुसली, की बादली पार शेवटापर्यंत सोडली तरी खाली नुसती झुलत राहायची. बायका कठड्यावरून वाकून बघायच्या. पाणी दिसायचं, मिळायचं नाही. कुणी दोराला दोर जोडला, तर गाठ कप्पीत अडकली. गाठ सोडवायला एक शहाणा पुढं झाला, तर बादलीच खाली गेली. शेवटी सगळे आत्याच्या दारात आले.

“अखंड दोर पाहिजे,” विहिरीवरचा म्हातारा म्हणाला. “मधे एक गाठ नको. आणि लवकर.”

“लवकर पाहिजे तर गाठीचा मिळेल,” आत्या म्हणाली. “अखंड पाहिजे तर वाट बघा.”

आत्या दोर वळायची. नवरा गेला, भाऊ-भावजय गेले, मागं उरलं एक चाक आणि भावाची ही मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण पाय आणि तोंड दोन्ही एका जागी ठरायचे नाहीत. “हिच्या जिभेला वाख लावला असता तर दोर आपोआप वळला असता,” असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. भिंगरी शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि कमरेला वाख, म्हणजे घायपाताचे लांब धागे, गुंडाळून उभी राहायची.

लांब दोराला लांब जागा लागते. आत्याचं अंगण एवढंसं, शेजारच्या काकूचंही एवढंसं. म्हणून मधल्या भिंतीला माणूस जाईल एवढं खिंडार मुद्दाम पाडून ठेवलेलं. चाक आत्याकडं, शेवटचा खुंटा काकूकडं, आणि दोन अंगणांतून मिळून एक दोर. काकूचे यजमान वाख झोडपून द्यायचे. ते दिवसाकाठी दोन शब्द बोलले तर तो दिवस बडबडीचा, म्हणून त्यांना मुके काका म्हणत. काकू मात्र त्यांच्या वाटणीचंही बोलून घ्यायची. आणि त्यांची मुलगी बुटकी ही भिंगरीची जोडीदारीण. बुटकी आता भिंगरीपेक्षा चांगली टीचभर उंच झाली होती, पण नाव एकदा पडलं ते पडलं.

या कामात जोडीदारणीशिवाय गत नाही. वाखाचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि उलट्या पावलांनी चालत सुटायचं. समोरची चाक फिरवते, पीळ भरत जातो, चालणारी बोटांतून वाख सोडत मागं मागं सरकते. मान वळवायची नाही. मान वळली की हात हलतो, हात हलला की दोर कुठं जाड, कुठं बारीक, आणि जिथं बारीक तिथंच तो एक दिवस तुटणार. मग चालणारीच्या पाठीमागं काय आहे ते कुणी सांगायचं? चाकावरचीनं. तोच नियम.

“मागं दगड,” बुटकी ओरडायची. भिंगरी न बघता पाय उचलायची.

“मागं कोंबडी.”

“हाकल की!”

“मी चाक फिरवू की कोंबड्या हाकलू? मागं खिंडार, अंग चोर. मागं आई, तोंड बंद.”

त्या दुपारी तिसरा, शेवटचा पेड निघत होता. दोन पेड पिळून तयार होते. खिंडारातून पलीकडच्या खुंट्यापर्यंत ते असे ताणलेले, की टिचकी मारली तर वाजावेत. हा तिसरा झाला की तिन्ही एकत्र वळायचे आणि झाला दोर. ऊन मी मी म्हणत होतं. वाखाचं कूस घामात बसून मानेला टोचत होतं.

वाख हात कापतो, म्हणून तळहाताला चामड्याचे तुकडे बांधतात. काकूच्या घरात एकच जोडी, हाताला येईल तो बांधतो. भिंगरीची जोडी मात्र वेगळी, लाल दोऱ्यानं शिवलेली, आणि तिला दुसऱ्यानं हात लावायचा नाही हा आत्याचा कडक कायदा. का, ते आत्याला ठाऊक होतं, भिंगरीला ठाऊक होतं आणि बाजाराच्या गावी दवाखान्यातल्या ताईंना. भिंगरीला जन्मापासून एचआयव्ही होता. आईकडून आलेला. रोज सकाळी एक गोळी, न चुकता. त्या गोळीनं तो असा दबून बसला होता, की रक्त तपासलं तरी सापडत नव्हता. ताई म्हणायच्या, “तो घरात आहे, पण त्याला दार उघडायला आपण जागाच ठेवलेली नाही.” चामड्याच्या वेगळ्या जोडीची काही गरज नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं. आत्या मान हलवायची आणि घरी येऊन लाल दोरा घट्ट करायची.

पण चामडंच ते, झिजलं. वाखाचा एक ताठ धागा सर्रकन आत शिरला आणि अंगठ्याखालची कातडी उकलली.

“आई गं!”

बुटकीनं चाक सोडलं आणि धावत आली. मानेवरचं फडकं ओढून तिनं भिंगरीचा हात धरला. रक्त तिच्या बोटांवर आलं.

“हात लावू नकोस!”

आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पलीकडं काका झोडपायचे थांबले. काकू खिंडारात येऊन उभी राहिली. चाक आपोआप उलटं फिरून पीळ सोडत होतं, त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

“का? काय झालं?” काकू म्हणाली.

सुचेल ते आत्यानं बोलून टाकलं. “खरूज आहे तिला.”

“खरूज?” काकू म्हणाली.

“खरूज?” भिंगरी म्हणाली.

“तू गप गं. खरूज. हाताला. म्हणून तर तिची जोडी वेगळी.”

काकूनं बुटकीला दंडाला धरून खिंडारातून ओढून नेलं. पलीकडून मोरीत हात खसाखसा घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सकाळी भिंगरी उठून अंगणात आली, तर खिंडार बंद. बाभळीच्या फांद्या कचाकच कोंबलेल्या. आणि काकूनं आपल्या बाजूच्या खुंट्यावरून दोन्ही पेडांची टोकं सोडून, हात न लावता, काठीनं भिंतीवरून अलीकडं ढकलून दिली होती. अंगणात ती अशी वेटोळी होऊन पडली होती, जशी कुणी आतडी टाकावीत. पीळ आपल्यातच गुरफटलेला.

“आत्या,” भिंगरी म्हणाली, “बघ तुझी खरूज.”

आत्या खाली बसून ती वेटोळी सोडवायला लागली.

खरूज ही मोठी पळणारी गोष्ट. खालच्या अंगाच्या विहिरीत अजून थोडं पाणी मिळायचं, तिथं ती भिंगरीच्या आधी पोचली. रांगेत तिच्या पुढची बाई चार पावलं पुढं झाली, मागची चार पावलं मागं. “बाई गं, लहान लेकरं आहेत घरी,” एक म्हणाली, जणू भिंगरी त्यांना चावणार होती. शाळेत बाकावर ती आणि तिचं दप्तर. गुरुजींनी तिची वही पट्टीनं आपल्याकडं ओढली. हेच गुरुजी, एचआयव्हीचा धडा आला तेव्हा “हे घरी वाचा” म्हणून दोन पानं एकदम उलटणारे.

भिंगरीला आधी रडू आलं. मग, शाळेतून परत येताना, हसू आलं. आणि हसता हसता असा संताप आला, की वाटेतला दगड तिनं पार घरापर्यंत लाथाडत आणला.

“मी सांगणार,” दारातूनच ती म्हणाली.

“काय?”

“खरं.”

आत्याच्या हातातला वाख तसाच राहिला. “वेड लागलंय तुला. तुझ्या आईनं सांगितलं होतं. सख्ख्या माणसांना सांगितलं होतं. गोठ्यात अंथरूण टाकलं तिचं. पाणी वरून ओतायचे. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“आईकडं गोळी नव्हती.”

“माणसं तीच आहेत.”

“मग आता तरी काय वेगळं चाललंय? गोठ्यातच आहे मी.” भिंगरी तिच्यासमोर बसली. “आत्या, जे मला आहे ते हात धरून लागत नाही. जे तू सांगितलंस ते हात धरून लागतं. तू मला लपवायला निघालीस आणि जास्त वाईट रोग देऊन बसलीस.”

आत्यानं वाख खाली ठेवला.

“आणि गंमत म्हणजे खरजेला मलम लावून आठवड्यात बरी झाले असते, तर ते पण नाही. कारण मला ती नाहीच! मी बरी कशी होऊ?”

आत्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग डोळे भरले. “मी येऊ का सोबत?”

“नको. तू रडशील, आणि त्यांना वाटेल मी मेलेच.”

दुसऱ्या दिवशी काकू विहिरीच्या रांगेत गेली तेव्हा भिंगरीनं बाभळीपलीकडं खडा मारला. फांद्यांच्या फटीत बुटकीचा एक डोळा दिसला.

“आई येईल,” बुटकी म्हणाली. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते. “रात्रभर खाजतेय. झाली मला.”

“तुला काही झालेलं नाही. मला खरूज नाही.”

“मग मी काय हौसेनं खाजवतेय?”

“भीतीनं. ऐक. मला एचआयव्ही आहे. जन्मल्यापासून. आईला होता, तिच्याकडून आला. रोज गोळी घेते. तुला काहीही होणार नाही. परवा माझं रक्त तुझ्या बोटाला लागलं, तुझ्या बोटाला जखम नव्हती, तू हात धुतलास, विषय संपला. बस. एवढंच.”

आरशासमोर तिनं हे दहा वेळा म्हणून बघितलं होतं, आणि दहाही वेळा ते याहून लांब आणि सुंदर होतं.

डोळा तसाच. पापणीसुद्धा लवली नाही.

“बोल ना,” भिंगरी म्हणाली.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“पहिलीत होते तेव्हापासून गोळी घेते. नाव नंतर कळलं.”

“आणि मी कधीपासून आहे?”

भिंगरीनं बाभळीचा एक काटा मोडून खाली टाकला.

“मी तुला सगळं सांगते,” बुटकी म्हणाली. “मला पाळी आली ते आईच्या आधी तुला सांगितलं. मागं कोंबडी असली तरी सांगते. आणि तू एवढं मोठं घेऊन उलटी चालत होतीस, अन् मी नुसती चाक फिरवत बसले!”

“तू पळून गेली असतीस तर?”

“आता कुठं पळू? मधे बाभळ आहे.”

डोळा फटीतून गेला. भिंगरी उभी राहिली. खांदे हलके झाले होते, पाण्याची कळशी उतरवल्यावर होतात तसे. तेवढ्यात पलीकडून आरोळी आली:

“आई! इकडं ये! भिंगरीला बोलायचंय!”

काकू नुकतीच दारात आली होती. तिनं हंडा ठेवला. काका वाख झोडपायचं दांडकं खाली टाकून उभे राहिले. बाभळीच्या अलीकडं भिंगरी, पलीकडं तिघं. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी शब्द बरे लागले.

काकू हंड्यापाशी मटकन बसली. “म्हणजे तुझी आई…”

“हो. तेच.”

“आणि माझ्या लेकीच्या बोटाला तुझं रक्त…”

“काही होत नाही, काकू. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या माझी दवाखान्यात जायची पाळी आहे. या माझ्याबरोबर. ताईंना विचारा.”

“विचारीन,” काकू म्हणाली. “सगळं विचारीन. सोडणार नाही.”

आणि सोडलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती भिंगरीपासून हातभर लांब बसून गेली, आणि ताईंसमोर खुर्ची ओढून बसली. घाम? नाही. थुंकी? नाही. ताट, अंथरूण, मोरी? नाही, नाही, नाही. डास? “डासानं पसरत असता तर एव्हाना अख्ख्या गावाला झाला असता,” ताई म्हणाल्या. बुटकीचं? कातडी अखंड होती, धुतलं, काळजी नको. आणि कुणाचंही रक्त असो, आधी हात झाकावा, मग पुसावं, ही सवय सगळ्यांनीच लावावी. काकू एक एक उत्तर बोटावर धरत होती.

“आणि हिचं पुढं? लग्नबिग्न?”

“काकू!” भिंगरी म्हणाली.

“तू गप. मोठ्यांचं बोलणं चाललंय.”

“होईल की, तिला करायचं असेल तर,” ताई हसल्या. “जोडीदाराला आधी सांगायचं, आज तुम्हाला सांगितलं तसं. गोळी चालू आहे, तपासणीत विषाणू सापडत नाही, तर त्यालाही लागणार नाही. मुलंही निरोगी होऊ शकतात. फक्त एक. ही गोष्ट तिची आहे. कुणाला सांगायची ते ती ठरवणार. तुम्ही नाही.”

हे शेवटचं काकूला सगळ्यात जड गेलं. परतीच्या वाटेवर ती गप्प होती. ट्रॉलीत ओळखीच्या तीन बाया होत्या आणि तिच्या पोटात केवढी बातमी! ओठ घट्ट मिटून, खोकला आल्यासारखं करत तिनं ती घरापर्यंत आणली. पण भिंगरीच्या लक्षात आलं, हातभराचं अंतर टीचभर झालं होतं.

घरी पोचल्यावर ती सरळ आत्यासमोर उभी राहिली. रागावली की काकू आत्याला अहो-जाहो करायची.

“खरूज म्हणे! अहो, अख्ख्या घराची अंथरुणं उकळली मी! गोधड्या, उशा, यांचा टॉवेल, सगळं! या दुष्काळात! चार हेलपाटे घातले विहिरीला त्या पाण्यासाठी! तुम्हाला दुसरा रोग सुचला नाही का? सर्दी? पडसं?”

“घाबरले मी,” आत्या म्हणाली. “तिच्या आईचं झालं तसं…”

“मी तशी आहे?” काकू म्हणाली, आणि मधेच थांबली. बाभळीच्या फांद्या समोरच होत्या. त्यांच्याकडं बघता बघता तिचा अहो-जाहो गळून पडला. “थोडी आहे,” ती म्हणाली. “काठीनं ढकलले गं मी पेड.”

मग दोघी रडल्या. भिंगरीला ते अगदी असह्य झालं, म्हणून ती बुटकीला शोधायला गेली.

बुटकी विळ्यानं बाभळी ओढत होती. काका दुसऱ्या बाजूनं. काटा लागला की बुटकी शिव्या देत होती आणि काका नुसते हं म्हणत होते. भिंगरीनंही हात घातला. फांदीचं एक टोक बुटकीनं धरलं तर दुसरं भिंगरीच धरणार, हे ठरल्यासारखं होत गेलं.

खिंडार मोकळं झालं तशी काकूनं सगळ्यांना पाणी आणलं. चार ग्लास लख्ख. पाचवा, भिंगरीच्या हातात दिला तो, फडताळाच्या पार मागून काढलेला, पोचे गेलेला. भिंगरीनं तो तोंडाला लावला आणि तिच्या मांडीवर टप टप पाणी पडायला लागलं. बुडाला भोक.

सगळे बघत होते. आत्यानं खाली मान घातली. काकूचं तोंड लाल झालं.

“काकू,” भिंगरी म्हणाली, “वेगळा द्यायचा तर द्या, पण निदान धड तरी द्या. दुष्काळ आहे.”

मग एक विचित्र, गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला. मुके काका हसत होते. त्यांना हसताना बुटकीनंसुद्धा बघितलं नव्हतं. काकूनं तो ग्लास भिंगरीच्या हातातून हिसकावला, भिंतीपलीकडच्या उकिरड्यावर भिरकावला, आणि आपलाच अर्धा प्यायलेला तिच्या हातात कोंबला. “घे. जास्त बोलतेस.”

पेड मात्र रुसले होते. आधीच्या दोघांचा पीळ मेलेला. ते पुन्हा ओले करून, खुंट्याला ताणून, चाकावर चढवावे लागले. आत्या प्रत्येक हातभर जागा बोटांनी चाचपत गेली. भिंगरीच्या तळहाताला घट्ट पट्टी, वर चामड्याची दुसरी जोडी. ती काकूच्या घरातली, सगळ्यांची. लाल दोऱ्याची आत्यानं स्वतःच चुलीत टाकली.

तिसरा पेड भिंगरीनंच ओढला. चाकावर बुटकी.

“मागं दगड,” बुटकी म्हणाली. एरवीपेक्षा हळू. मग गळा साफ केला. “मागं खिंडार. काटा राहिलाय एक डावीकडं, अंग चोर.”

भिंगरी सरकत गेली. पलीकडच्या अंगणाची जमीन टाचांना लागली तेव्हा तिला मान वळवून बघावंसं फार वाटलं. नाही वळवली.

“मागं आई,” बुटकी ओरडली. “तोंड… चालू ठेव.”

तिन्ही पेड वळून दोर झाला तो मनगटाएवढा, सोनेरी, आणि एकसारखा. काकांनी खांद्यावर वेटोळं घेतलं. वरच्या विहिरीवर रांग होतीच.

दोर कप्पीतून सुळसुळत खाली गेला. जात राहिला. सगळ्या बाया कठड्याला टेकल्या. मग खोलवर, पार खाली, बादली पाण्यात बुडाल्याचा तो भरीव आवाज आला आणि म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं पुसलं.

“अगं पोरी,” चार पावलं मागं झालेली बाई म्हणाली, “तुझी खरूज बरी झाली का?”

आत्यानं पदराचं टोक मुठीत धरलं. काकूनं ओठ असे आवळले, की गाल फुगले.

“खरूज नव्हतीच, मावशी,” भिंगरी म्हणाली. “गैरसमज होता.”

“मग काय होतं?”

“जे आहे ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंय. तुमची पाळी आली की तुम्हालाही सांगेन. रांगेत राहा.”

मावशीनं हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. बुटकीला मात्र हसू आवरेना.

एवढ्या खोलून भरली बादली काढायची, तर दोर खांद्यावर घेऊन उलटं चालत जावं लागतं, तोंड विहिरीकडं ठेवून. भिंगरीनं दोर धरला. पहिली बादली तिचीच, हे कुणी बोललं नाही पण झालं. बुटकी विहिरीच्या तोंडाशी उभी राहिली, तिच्याकडं तोंड करून.

भिंगरीनं टाच मागं टाकली. दोर करकरला. ताणला. धरला.

“मागं बाया,” बुटकी म्हणाली. “अहो, सरका की! रस्ता द्या!”

पाठीमागं पावलं बाजूला होत गेली. चपला फरफटल्या, हंडे उचलले गेले. बादली अंधारातून वर येत होती, तिचं वजन खांद्यात उतरत होतं. भिंगरीनं मान वळवली नाही.

“मागं मोकळं आहे,” बुटकी ओरडली. “चल तू!”